मंद फिल्म, दाट अरण्य : चांद्याच्या रानाची जुनी छायाचित्रे वाचताना

जुने छायाचित्र समोर आले की आपण पहिला प्रश्न विचारतो तो 'हे कोणाचे?' किंवा 'हे कुठले?' असा. त्यानंतर 'हे कोणी काढले आणि कशासाठी?' हा प्रश्न येतो. वसाहतवादाच्या अभ्यासाने हा दुसरा प्रश्न आपल्या अंगवळणी पाडला, ही चांगलीच गोष्ट झाली. मात्र तिसरा एक प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाकडून सहसा विचारला जात नाही. तो म्हणजे, 'हे चित्र उमटायला किती वेळ लागला?' प्रश्न तांत्रिक वाटतो आणि म्हणून तो फोटोग्राफरांकडे सोपवून आपण मोकळे होतो. परंतु चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन अरण्यजिल्ह्यांच्या जुन्या छायाचित्रांपुरते बोलायचे तर, त्यांत काय आले आणि काय आले नाही याचा बराचसा निकाल या तिसऱ्या प्रश्नातच दडलेला आहे, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे.

एक खुलासा आधी करायला हवा. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा १९८२ साली झाला. त्याआधीचा सारा इतिहास जुन्या चांदा जिल्ह्याचा, म्हणजे एकेकाळच्या मध्य प्रांताच्या दक्षिण टोकाचा आहे. म्हणून येथे 'चांदा' म्हटले की दोन्ही जिल्हे अभिप्रेत आहेत.

१. कणांचा हिशेब

प्रथम 'मंद' म्हणजे काय ते पाहू. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर जिलेटिनच्या थरात चांदीच्या लवणांचे, मुख्यतः सिल्व्हर ब्रोमाइडचे, सूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. प्रकाशाचे काही मोजके कण एखाद्या स्फटिकावर पडले की त्यात एक अदृश्य बदल होतो आणि पुढे डेव्हलपरमध्ये तो सबंध स्फटिक काळ्या चांदीत रूपांतरित होतो. अर्धवट काही होत नाही. स्फटिक एक तर काळा होतो, नाही तर हायपोच्या द्रावणात विरघळून निघून जातो.

आता स्फटिक मोठा असेल तर त्यावर प्रकाश पडण्याची शक्यता जास्त, म्हणून फिल्म जलद. स्फटिक बारीक असेल तर त्याला प्रकाशाची वाट पाहावी लागते, म्हणून फिल्म मंद. परंतु बारीक स्फटिकांनी रेखलेले चित्र कितीही मोठे केले तरी त्यात दाणा दिसत नाही आणि तपशील टिकून राहतो. अंगणात रांगोळीचे टिपके जितके जवळजवळ आणि बारीक, तितकी नक्षी नाजूक. पण ती घालायला वेळही तितकाच जास्त. फिल्मच्या बाबतीत हा व्यवहार कोणालाच चुकला नाही. गती हवी तर तपशील सोडा आणि तपशील हवा तर वेळ द्या.

कोडॅकची पॅनाटॉमिक-एक्स ही मंद फिल्म १९३० च्या दशकात बाजारात आली. तिची गती नंतरच्या मोजणीनुसार ३२ एएसए होती. इल्फर्डची पॅन एफ १९४८ साली आली, ती ५० एएसएची. पूर्व जर्मनीतील वोल्फेनच्या कारखान्यातली ओर्वो एनपी १५ ही त्याच कुळातली, म्हणजे १५ डिन किंवा २५ एएसएची. याच्या उलट टोकाला कोडॅकची ट्राय-एक्स. ती १९५४ साली रोल फिल्मच्या रूपात आली आणि पुढे ४०० एएसएची म्हणून ओळखली गेली. आजचे डिजिटल कॅमेरे ६४०० हा आकडा सहज वापरतात. म्हणजे पॅनाटॉमिक-एक्सला जेवढा प्रकाश लागे त्याच्या दोनशेव्या हिश्श्यात आज काम भागते. अरण्याकडे पाहण्याची आपली आजची सवय या दोनशेपट फरकावर उभी आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

२. दगड : जो हलत नाही

मराठी मुलखात छायाचित्रण लवकर आले. फ्रान्समध्ये दागेरची पद्धत १८३९ साली जाहीर झाली आणि पंधरा वर्षांत, १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या सुरुवातीच्या छायाचित्रकारांपैकी एक. हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत व्यावसायिक स्टुडिओ चालवला. परंतु मुंबईचा स्टुडिओ वेगळा आणि वैनगंगेच्या काठचे रान वेगळे.

चांद्याच्या रानात कॅमेरा गेला तो मुख्यतः सरकारी कामासाठी. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी पुरातत्त्व खात्याच्या वतीने १८७३-७४ आणि १८७४-७५ या दोन हंगामांत मध्य प्रांताचा दौरा केला. त्यांच्या अहवालमालेच्या नवव्या खंडात भांदक आणि मार्कंडा येथील अवशेषांची वर्णने येतात. त्यांचे सहायक जे. डी. बेग्लर हे छायाचित्रणाचे जाणकार होते. त्या काळी चांद्यापर्यंत रेल्वे नव्हती. कॅमेरा, तिपाई, काचा, रसायनांच्या बाटल्या आणि अंधाराचा तंबू, असा सारा संसार बैलगाड्यांवर लादून रानातून न्यावा लागे.

तेव्हाची प्रचलित पद्धत कलोडियनची. काचेवर कलोडियनचा थर ओतायचा, ती चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, चित्र घ्यायचे आणि ती वाळण्याआधी तंबूत नेऊन विकसित करायची. या सगळ्याला पाव तासाच्या आतबाहेर वेळ मिळे. कलोडियनमध्ये इथर असते आणि ते उन्हात भराभर उडून जाते. त्यामुळे चांद्याच्या हवेत हा अवधी आणखी आखूड होई. उघड्या उन्हातल्या वस्तूसाठीही ओल्या काचेला काही सेकंद लागत. प्रवासासाठी आधीच तयार करून ठेवलेल्या कोरड्या कलोडियन काचा सोयीच्या होत्या, पण त्या इतक्या मंद की सेकंदांऐवजी मिनिटे मोजावी लागत.

अशा काचेपुढे टिकून राहील अशी वस्तू कोणती? अर्थातच दगड. गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात, वैनगंगा उत्तरवाहिनी होते तिथे उभे असलेले मार्कंडादेवाचे देऊळ हे या काचेचे आदर्श गिऱ्हाईक होते. त्याच्या बाह्य भिंतींवर मूर्तींच्या ओळीच्या ओळी आहेत. सकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक मूर्तीची सावली शेजारच्या कोनाड्यात पडते. ही सूक्ष्म नक्षी टिपायला दाणा नसलेली, मंद काच लागते आणि देवळाला घाई नसते. मूर्तिशास्त्राच्या अभ्यासकाला जुन्या काचेवरून मूर्तीच्या हातातील आयुध ओळखता येते, ते या मंदपणामुळेच. देवळाची पुढे पडझड होते, दुरुस्ती होते, दगड हलवले जातात. अशा वेळी ते पूर्वी कसे होते याचा साक्षीदार म्हणून ही काच उभी राहते.

त्याच चित्रात झाडांच्या फांद्यांचा धुरकट पुंजका होतो आणि नदीच्या पाण्याचा गुळगुळीत पांढरा पट्टा. मंदिराच्या पायरीवरून कोणी गेले असेल तर ते दिसतही नाही. हे प्रदेश निर्मनुष्य होते, गर्द रानात एकाकी अवशेष तेवढे उभे होते, अशी जी एक रम्य समजूत जुन्या चित्रांवरून होते, तिच्यात काचेच्या मंदपणाचा वाटा मोठा आहे. देवळात माणसे नव्हती असे नाही. ती थांबली नाहीत, एवढेच.

३. माणसे : ज्यांना हलू दिले नाही

माणसाचे चित्र घ्यायचे तर त्याला थांबवावे लागे. मुंबईच्या स्टुडिओत गिऱ्हाईक पैसे देऊन, आपल्या इच्छेने, मानेमागच्या लोखंडी आधाराला डोके टेकून थांबे. रानातल्या गोंडाला किंवा माडियाला साहेबाने थांबवले की तो थांबे. मंद काचेपुढची स्तब्धता दोन्हीकडे सारखीच दिसते, पण तिचा अर्थ सारखा नाही.

फोर्ब्स वॉटसन आणि जॉन के यांनी संपादित केलेले 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंड १८६८ ते १८७५ या काळात निघाले. मध्य प्रांतापुरता आधारग्रंथ म्हणजे आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा 'ट्राइब्ज अँड कास्ट्स ऑफ द सेंट्रल प्रॉव्हिन्सेस', १९१६ सालचा. अशा ग्रंथांतील चित्रांत माणसे सरळ उभी असतात, हात बाजूला, नजर कॅमेऱ्याकडे किंवा कॅमेऱ्याच्या किंचित वर. यावरून 'हे लोक गंभीर, अबोल, भेदरलेले' असे निष्कर्ष काढले गेले आणि आजही काढले जातात. वास्तविक चार सेकंद न हलता उभे राहायला सांगितले तर आपणही असेच दिसू. हसू टिकत नाही, ते पुसट होते. म्हणून त्या काळी लंडनचा व्यापारीही फोटोत हसत नाही. फरक एवढाच, की लंडनच्या व्यापाऱ्याविषयी आपल्याजवळ दुसरा पुष्कळ पुरावा आहे. त्याची पत्रे आहेत, कादंबऱ्या आहेत, वर्तमानपत्रे आहेत. चांद्याच्या माडियाविषयी कित्येकदा तेवढे एकच चित्र आहे.

रंगाचा मुद्दा याहून गंभीर आहे. सुरुवातीच्या काचा केवळ निळ्या-जांभळ्या प्रकाशाला प्रतिसाद देत. पुढे हिरवा-पिवळा समजणाऱ्या ऑर्थोक्रोमॅटिक काचा आल्या. पण तांबडा रंग त्यांना दिसतच नसे. सर्व रंगांना संवेदनशील अशा पॅनक्रोमॅटिक काचा १९०६ च्या सुमारास बाजारात येऊ लागल्या आणि त्या सर्रास रुळायला आणखी बराच काळ गेला. याचा परिणाम काय? सावळी त्वचा निळ्यापेक्षा तांबडा-पिवळा प्रकाश अधिक परावर्तित करते. निळाच तेवढा पाहणाऱ्या काचेवर ती प्रत्यक्षाहून पुष्कळ काळी उमटते. तांबड्या मण्यांच्या माळा, तांबडे काठ, गेरू हे सारे काळ्यात जमा होते. उलट निळे आकाश कोरे पांढरे होते. म्हणजे पांढऱ्याफेक पार्श्वभूमीवर जवळजवळ काळी, अलंकार हरवलेली आणि निश्चल मनुष्याकृती, हे 'आदिवासी' म्हणून जे दृश्य आपल्या मनात ठसले, त्याची निम्मी घडण रसायनाने केलेली आहे. उरलेली निम्मी वंशशास्त्राच्या वर्गीकरणाने केली. दोघांचे इतके जुळले की एकाचे काम दुसऱ्याच्या खात्यावर सहज मांडता आले.

इथे रसायनाला निर्दोष ठरवण्याचा हेतू नाही आणि अधिकाऱ्याला तर नाहीच. काच निळी आंधळी नाही, तांबडी आंधळी आहे, हे त्या काळच्या प्रत्येक छायाचित्रकाराला माहीत होते. तरीही या चित्रांना 'यथातथ्य' म्हटले गेले. प्रश्न आहे तो इथे.

४. जनावरे : जी मेल्यावरच थांबली

अरण्याच्या चित्रातला तिसरा विषय म्हणजे वाघ. शिकारकथांच्या पुस्तकांतून आणि जुन्या आल्बमांतून दिसणारा वाघ बहुधा मेलेला असतो आणि त्याच्यामागे बंदूक घेतलेला साहेब किंवा जमीनदार उभा असतो. यात पराक्रमाचे प्रदर्शन आहेच. पण त्याबरोबरच हेही खरे, की जिवंत वाघ त्या फिल्मच्या आवाक्याबाहेरचा होता. त्यासाठी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांच्यासारख्या वनाधिकाऱ्याला रात्री तार लावून, वाघानेच ती ओढावी आणि मॅग्नेशियमचा झोत पेटावा, अशी योजना करावी लागली. उत्तरेकडच्या तराईतील त्यांच्या या उद्योगाचे 'विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड' हे पुस्तक १९२७ सालचे.

ताडोबाच्या परिसरात १९३५ साली शिकारबंदी झाली, १९५५ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले, १९८६ साली अंधारी अभयारण्य आणि १९९५ साली दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प. या तारखांच्या शेजारी फिल्मच्या गतीचे आकडे ठेवून पाहावेत. बंदूक बाजूला ठेवून कॅमेरा घ्या, असे सांगणे सोपे आहे. पण कॅमेऱ्याने जिवंत जनावर टिपता येऊ लागले ते जलद फिल्म आणि मोठ्या भिंगा आल्यावर. शिकारीचा फोटो मागे पडला यात कायद्याचा वाटा मोठा, पण फिल्मचा वाटाही शून्य नाही.

५. रानातला उजेड

विसाव्या शतकात काच गेली, गुंडाळीची फिल्म आली आणि हातात मावणारा कॅमेरा आला. ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकाच्या आरंभी निजामाच्या राज्यातील आदिलाबादच्या राजगोंडांमध्ये काम केले. त्यांचा 'द राजगोंड्स ऑफ आदिलाबाद' हा ग्रंथ १९४८ सालचा. आदिलाबाद हे चांद्याच्या सीमेला लागूनच. तिथले गोंड चांद्याच्या गोंडराजांशी आपले नाते सांगत आले आहेत. त्यांच्या छायाचित्रांचा मोठा संग्रह लंडनच्या 'सोआस' या संस्थेत जतन केलेला आहे. पूर्वेकडे, बस्तरमध्ये व्हेरियर एल्विन यांनी मुरियांच्या घोटुलवर १९४७ साली ग्रंथ प्रसिद्ध केला, तोही सचित्र. या पिढीच्या चित्रांत माणसे नाचू लागतात, बसतात, बोलतात, कॅमेऱ्याकडे पाठ करतात. माणसे बदलली नव्हती, फिल्म बदलली होती. आणि अर्थातच पाहणाऱ्याचा त्या माणसांशी असलेला संबंधही बदलला होता.

मग मंद फिल्म सुटली का? नाही. मूर्ती, घराच्या भिंतीवरची चित्रे, विणकाम, चेहऱ्यावरची गोंदणे यांसाठी तपशील हवाच होता. प्रत्येकाला निवड करावी लागे आणि रानात ती अवघड असे. थोडे गणित करू. भर उन्हात ३२ एएसएच्या फिल्मला एफ १६ वर सेकंदाचा तिसावा भाग पुरतो. सावलीच्या रानात उजेड पाच पायऱ्यांनी कमी होतो, म्हणजे बत्तिसावा हिस्सा उरतो. तेव्हा भिंग एफ २.८ पर्यंत उघडले तरच सेकंदाचा तिसावा भाग मिळतो आणि मग नजरेच्या टप्प्यातील थोडाच भाग स्पष्ट राहतो. श्रावणातल्या ढगाळ दिवशी बांबूच्या बेटात आणखी दोन पायऱ्या कमी होतात. म्हणजे सेकंदाचा आठवा भाग. तेवढ्यात रेला नाचणाऱ्या पायांचा धूर होतो.

चांद्याचे रान पानगळीचे आहे. फाल्गुन-चैत्रात साग निष्पर्ण होतो आणि उजेड थेट जमिनीवर येतो. मंद फिल्मला हा काळ सोयीचा. पण त्यावेळी ऊन आणि सावली यांत इतके अंतर असते की मंद फिल्म, जी स्वभावतःच कडक असते, सावल्या काळ्या ठिक्कर आणि ऊन कोरे पांढरे करून टाकते. यावर जाणकारांचा उपाय ठरलेला होता. सावलीला पुरेल इतका उजेड द्यायचा, म्हणजे जरूरीपेक्षा जास्त, आणि मग डेव्हलपरमध्ये फिल्म कमी वेळ ठेवायची. सावल्यांचे भवितव्य कॅमेऱ्यात ठरते आणि उजेडाचे अंधाऱ्या खोलीत. म्हणून अंधाऱ्या खोलीकडे वळले पाहिजे.

६. चांद्याच्या उन्हाळ्यातील अंधारी खोली

डेव्हलपरच्या पुड्यांवरचे सारे आकडे २० अंश सेल्सियसचे असतात. ते रॉचेस्टरला किंवा लंडनला ठीक. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जाणे नित्याचे आहे आणि टाकीतले पाणी हाताला चटका देते. तापमान वाढले की रासायनिक क्रिया वेगाने होते. २० अंशांना दहा मिनिटे लागत असतील तर ३० अंशांना पाचही पुरतात. एवढ्या थोड्या वेळात द्रावण फिल्मवर सर्वत्र सारखे काम करीत नाही आणि आकाशासारख्या सपाट भागात पट्टे उमटतात. त्याहून मोठे संकट जिलेटिनचे. ते गरम पाण्यात फुगते, मऊ पडते आणि बोटाच्या साध्या स्पर्शाने निसटते. गरम डेव्हलपरमधून फिल्म एकदम गार पाण्यात गेली तर थर आक्रसून त्यावर जाळीदार सुरकुत्या पडतात. मग बारीक दाण्यासाठी केलेला सारा खटाटोप वाया.

यावर उष्ण प्रदेशांतील छायाचित्रकारांनी वापरलेले उपाय दोन प्रकारचे होते. पहिला रसायनाचा. डेव्हलपरमध्ये लिटरमागे शंभर ग्रॅमच्या आसपास सोडियम सल्फेट घालायचे, म्हणजे जिलेटिन पाणी शोषत नाही आणि फुगत नाही. नंतर क्रोम अॅलमच्या द्रावणात बुडवून थर घट्ट करायचा, मग हायपो. दुसरा उपाय घरगुती. काम पहाटे तीन-चारला करायचे आणि पाणी माठातले घ्यायचे. विदर्भाचा उन्हाळा कोरडा असतो, म्हणून माठ पाझरतो, पाणी उडते आणि आतले गार होते. पावसाळ्यात हवाच ओली असते, तेव्हा माठाचा उपयोग उरत नाही. मात्र खरे सूत्र गारव्याचे नव्हते, सारखेपणाचे होते. डेव्हलपर, हायपो आणि धुण्याचे पाणी तिन्ही एकाच तापमानाला असली, तर २४-२६ अंशांनाही चांगले काम होते. वेळ तेवढा कमी करायचा.

हायपोनंतर भरपूर पाण्याने धुणे आवश्यक. उन्हाळ्यात विहिरी आटतात, तेव्हा धुण्यात काटकसर होते. राहून गेलेला हायपो वर्षानुवर्षे चांदीवर काम करीत राहतो आणि चित्र पिवळे पडून विरते. पावसाळ्यात जिलेटिनवर बुरशी चढते, कारण जिलेटिन हे तिच्यासाठी अन्नच आहे. एखादे चित्र उरले की नाही हे त्या वर्षीच्या पाण्यावरही ठरत असे.

७. आयात, स्वदेशी आणि भंगार

मंद फिल्म कोणाला परवडत असे, हाही इतिहासाचाच भाग आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनहून आणलेला कॅमेरा आणि परदेशी कच्ची फिल्म घेऊन 'राजा हरिश्चंद्र' केला, तेव्हा ती फिल्मही मंदच होती. म्हणून देखावे सूर्यप्रकाशात उभे करावे लागले. फिल्मला भोके पाडणे आणि ती धुणे या कामांत सरस्वतीबाई फाळके रात्री राबत. भारतीय चित्रपटाचा पहिला अंधार त्यांच्या घरातलाच होता.

स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले आणि परदेशी फिल्म दुर्मीळ व महाग झाली. सरकारने १९६० साली उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा कारखाना स्थापला, फ्रान्समधील बोशे या कंपनीच्या सहकार्याने. १९६७ साली तेथे उत्पादन सुरू झाले आणि 'इंदू' ही फिल्म व कागद गावोगावच्या स्टुडिओंत पोचले. थंड, स्वच्छ, धूळविरहित हवा म्हणून उटी निवडली गेली. थंड डोंगरावर घडलेली ही फिल्म उतरे मात्र चंद्रपूरसारख्या भट्टीत. हा कारखाना पुढे आजारी ठरला आणि आता बंद आहे. पॅनाटॉमिक-एक्सही १९८० च्या दशकाअखेर संपली. पॅन एफ तेवढी 'प्लस' या नावाने आजही मिळते आणि ती वापरणारे हौशी लोकही आहेत.

तालुक्याच्या गावातला स्टुडिओ लग्नाचे, शाळेच्या वर्गाचे, ओळखपत्राचे फोटो काढी. पहिल्यांदाच गोंड, माडिया, माना, गोवारी कुटुंबे स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या आवडीचे कपडे घालून कॅमेऱ्यापुढे बसली ती या स्टुडिओंत. रसेल-हिरालालच्या पुस्तकातील चित्राला खरे उत्तर देणारा पुरावा कुठे असेल तर तो या निगेटिव्हजमध्ये. आणि हाच पुरावा सर्वांत वेगाने नाहीसा होतो आहे. स्टुडिओ बंद झाले, डिजिटल झाले, मालकांची मुले दुसऱ्या धंद्यात गेली. जुन्या निगेटिव्हजमध्ये चांदी असते आणि भंगारवाल्याला तिची किंमत कळते. फिल्म धुऊन चांदी काढली जाते, चेहरे वाहून जातात. लंडनच्या कपाटात आदिलाबादच्या गोंडांची चित्रे वातानुकूलित सुरक्षित आहेत. त्यांच्या नातवांनी स्वतः काढवून घेतलेली चित्रे मात्र किलोच्या भावाने जातात.

८. मंदपणाचा अर्थ

वॉल्टर बेंजामिन यांनी १९३१ साली छायाचित्रणाच्या इतिहासावर जो छोटा निबंध लिहिला, त्यात जुन्या मंद काचांविषयी एक आस्थेचा मुद्दा आहे. चित्र उमटायला वेळ लागे म्हणून माणूस त्या क्षणातून निसटण्याऐवजी त्या क्षणात वाढत जाई, असा त्याचा आशय. युरोपातील जुन्या व्यक्तिचित्रांना तो लागू पडतो. चांद्याच्या संदर्भात मात्र त्याला एक जोड द्यावी लागते. ज्याला 'थांब' म्हटले गेले त्याला 'नाही' म्हणता येत होते का, हे ठाऊक असल्याशिवाय त्या स्तब्धतेला सखोल म्हणता येणार नाही.

तरीही मंद काचेचे एक देणे नाकारता येत नाही, आणि ते छायाचित्रकाराच्या हेतूपलीकडचे आहे. बारीक दाण्यामुळे चित्राच्या कडेला, कोणाच्या लक्षात न आलेल्या गोष्टीही तितक्याच स्पष्ट उमटतात. अंगणातले उखळ, कुडाच्या भिंतीची वीण, टोपलीचा प्रकार, मागे उभ्या बाईच्या हातावरचे गोंदण. पुस्तकात छापताना जाळीच्या ठिपक्यांत हे सारे बुजते, म्हणून छापील चित्रावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे; मूळ काच किंवा निगेटिव्ह पाहायला हवी. ज्याने चित्र घेतले त्याला एक 'नमुना' हवा होता, पण काचेने एक घर टिपून ठेवले. साहित्यकृतीतही लेखकाच्या हेतूच्या बाहेरचे काही शिल्लक राहते आणि पुढच्या वाचकाला तेच मोलाचे वाटते, हे आपण वर्गात शिकवतोच.

आणि जे काचेत आले नाही त्यासाठी शब्दांकडे जावे लागते. नाचाचा ठेका, पक्ष्याचे उडणे, वाऱ्यावरची पाने, रात्र, या गोष्टी मंद फिल्मने कायमच्या गाळल्या. त्या राहिल्या असतील तर गोंडी-माडिया गाण्यांत, आणि मराठीत मारुती चितमपल्ली यांच्यासारख्या वनाधिकारी लेखकाच्या गद्यात. म्हणून पूर्व विदर्भाच्या अरण्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने छायाचित्र आणि शब्द एकमेकांशेजारी ठेवून वाचावेत. एकाला पुरावा आणि दुसऱ्याला ललित अशी उतरंड लावू नये.

चंद्रपूर-गडचिरोलीतील महाविद्यालयांना यात करण्यासारखे एक साधे काम आहे. मराठीच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय हवाच असतो. गावातल्या बंद पडलेल्या स्टुडिओच्या मालकाकडे जावे, निगेटिव्हजची खोकी भंगारात जाण्याआधी पाहावीत, त्यांवरची नावे-तारखा उतरून घ्याव्यात, ज्यांची चित्रे आहेत त्यांना किंवा त्यांच्या मुलांना ती दाखवावीत आणि ते काय सांगतात ते त्यांच्याच बोलीत लिहून ठेवावे. चित्र कोणाचे, कोठले आणि कोणी काढले हे विचारावेच; त्याबरोबर ते काढताना किती वेळ बसावे लागले आणि बसायला कोणी सांगितले, हेही विचारावे. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकणारी पिढी अजून हयात आहे.